हिरव्या पाण्याची थंडी

थंडी पडली की आमचे हे गाडीचं बॉनेट उघडतात आणि मी हातातलं काम टाकून अंगणात येऊन उभी राहते. हाताला पीठ असलं तर पिठासकट. हे कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत डोकावून बघतात, पातळी खाली गेली असेल तर डब्यातून थोडं ओततात आणि झाकण घट्ट लावतात. तेवढा वेळ मी हलत नाही. एखादा थेंब फरशीवर पडलाच तर साबणाचं फडकं घेऊन मी तिथं बसते आणि फरशी कोरडी होईपर्यंत उठत नाही. हे हसतात. म्हणतात, आता इथं कोण रांगतंय? कुणी रांगत नाही हे काय मला माहीत नाही? पण भीतीला ते सांगणार कोण?

हल्ली कूलंट गुलाबी मिळतं, निळंही मिळतं. गुलाबी बघून मला काही होत नाही. हिरवं दिसलं की मी दोन पावलं मागं सरते. जत्रेत काचेच्या बरणीत सरबत ठेवलेलं असतं ना, तसला हिरवा. लहान मुलाला हात पुढं करावासा वाटेल असा. विषाला असा रंग द्यायचं ज्याच्या डोक्यात आलं, त्याला एकदा भेटायचंय मला.

आता आम्ही मंचरला राहतो. इथली थंडी गावातली, भिंतीआडची. पिंपळवंडीची थंडी वेगळी होती. पहाटे कुकडीकडून धुकं वर यायचं आणि द्राक्षबागांवर बसायचं. गारठ्यानं मणी तडकू नयेत म्हणून बागवाले बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचे. तो धूर आणि धुकं एकत्र होऊन घराच्या दारापर्यंत यायचं. कांद्याच्या लागणी चालू असायच्या. वाफ्यात पाणी सोडलेलं, त्यात आम्ही बायका ओणव्या, आणि पाय चिखलात असे गारठायचे की संध्याकाळी आपले आहेत की नाहीत तेच समजू नये. मी माहेरची लोणीची, म्हणजे तेव्हा पाण्याला महाग असलेल्या गावची. एवढं पाणी आणि एवढी थंडी मी लग्न होईपर्यंत एकत्र बघितली नव्हती.

आणि त्या घरात एक चमत्कारिक रीत होती. माझे सासरे, आण्णा, फौजेतले ड्रायव्हर. लेहला हिवाळे काढून आलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी जीप घेतली आणि जुन्नर ते घाटघर माणसं वाहायला लागले. दिवाळी झाली की शिवरात्रीपर्यंत, रोज संध्याकाळी गाडी पत्र्याच्या पडवीत लावली की आण्णा रेडिएटरखाली बादली सरकवायचे, खालचा कॉक उघडायचे आणि सगळं पाणी काढून घ्यायचे. सकाळी पुन्हा भरायचे. कारण लेहला एकदा त्यांच्या जोडीदाराला ताप भरला होता आणि तो पाणी न काढताच झोपला. सकाळी पाण्याचा बर्फ झाला होता आणि इंजिनाचं लोखंड उभं फाटलं होतं. तो एवढा मोठा गडी चाकापाशी बसून रडत होता, असं आण्णा सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

पिंपळवंडीत पाण्याचा बर्फ झालेला कुणाच्या सात पिढ्यांनी बघितला नव्हता. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्यांना हिणवायच्या. "आवो, हितं थिजलंच तर खोबरेल थिजतंय. त्येची बाटली घेऊन बसा शेकत." आण्णा ऐकून घ्यायचे आणि बादली सरकवायचे. त्यांच्यापुढं फक्त आत्याबाईच अशा बोलायच्या. मी तर त्यांच्यासमोर पदर सावरून उभी राहायची आणि विचारलं तर मान हलवायची. फौजी माणूस, गळ्यात तुळशीची माळ, आवाज करडा. मला त्यांची भीती वाटायची, अगदी साधी, सुनेला वाटते तशी.

पण ते बादलीतलं पाणी कढत असायचं. पहिल्या हिवाळ्यात एकदा मी लागणीवरून आले, पायाच्या भेगांतून रक्त येत होतं. आण्णांनी खाकरून बादली पायरीशी आणून ठेवली आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. मी पाय त्यात घातले. गंजाचा वास, डिझेलचा वास, आणि पोटऱ्यांपर्यंत चढत येणारी ऊब. सासरी मला मिळालेलं ते पहिलं सुख, खोटं कशाला बोलू. मग ती रोजची रीतच झाली. माझी लेक सोनी चालायला लागली तशी तीही यायची. बादलीच्या कडेला धरून हात बुडवायची, तोंडावर पाणी मारायची, हसायची. आजोबांची बादली म्हणजे तिच्यासाठी दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

बिबट्याचा हिवाळा तो. म्हणजे उसातला बिबट्या पूर्वीही असायचा, पण त्या सुमारास तो दारापर्यंत यायला लागला. वस्त्यांवरून कुत्री जायला लागली, मग शेरडं, आणि मग माणसांच्याही बातम्या ऐकू यायला लागल्या. आम्ही सूर्य कलायच्या आत घरात. पोरांना अंगणाच्या बाहेर सोडायचं नाही. आमचा कुत्रा राजा, आयुष्यभर मोकळा हिंडलेला, त्याला पडवीत जीपजवळ साखळीनं बांधायला लागलो. तो रात्रभर कण्हायचा. सोनीला मी सांगून ठेवलं होतं, खेळायचं ते पडवीत, राजाजवळ. तिथं वाघ येत नाही. ते वाक्य आजही माझ्या कानात आहे.

त्याच थंडीत घाटघरच्या चढाला जीप सारखी तापायला लागली. पाणी उकळून वाफ बाहेर यायची, माणसं खाली उतरायची, आण्णा कुणाच्या तरी दारातून कळशी मागून आणायचे. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं रेडिएटरमध्ये आतून क्षार धरला होता. नारायणगावच्या मेस्त्रीनं तो खोलला, साफ केला आणि पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरून दिलं. सांगितलं, हे उकळत नाही आणि गोठतही नाही, हे काढायचं नाही, नुसती पातळी बघत जायची. आण्णांनी जेवताना आम्हाला हे सगळं नीट सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, चला, सुटली एकदाची ती बादली.

त्या संध्याकाळी गारठा चांगलाच होता. आण्णा ओट्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. मग पडवीत गेले आणि बादली सरकवल्याचा आवाज आला. आत्याबाईंनी विचारलं तर म्हणाले, "मेस्त्रीनं लेह बघितलंय व्हय?" झालं. रोज संध्याकाळी हिरवं पाणी बादलीत आणि रोज सकाळी फडक्यानं गाळून परत गाडीत. आम्हाला बजावलं की यात पाय घालायचे नाहीत, हे औषधाचं पाणी आहे. बादलीवर पाटी आणि पाटीवर दगड. डब्यावर काही लिहिलेलं होतं ते बारीक इंग्रजीत. ते विष आहे आणि चवीला गोड आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मेस्त्रीलाही ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

इतक्या वर्षांत मी एकच गोष्ट घोळवत आले आहे. निष्काळजी माणसाच्या घरी हे झालंच नसतं. निष्काळजी माणसानं मेस्त्रीचं ऐकलं असतं आणि खुशाल झोपला असता, कूलंट इंजिनात सुखरूप राहिलं असतं. मी बिबट्याला भ्याले म्हणून लेकीला पडवीत ठेवलं, कुत्र्याला तिथं बांधलं. आण्णा बर्फाला भ्याले म्हणून विष बादलीत आणून ठेवलं. बिबट्या त्या वर्षी आमच्या अंगणात एकदाही आला नाही, आणि बर्फ तर नाहीच नाही. आम्ही घाबरून घाबरून सगळं एका जागी गोळा केलं होतं.

सकाळी वीज आली म्हणून आण्णा मोटार चालू करायला मळ्यात गेले होते. आत्याबाई गोठ्यात धार काढत होत्या. मी चुलीपाशी. सोनी स्वेटर घालून पडवीत भातुकली मांडून बसली होती, तिची बडबड मला ऐकू येत होती. राजा कशावर तरी भुंकला, साखळी खळखळली आणि बादली पडल्याचा आवाज झाला. मी तव्यावरची भाकरी उतरवून बाहेर आले. साखळीच्या हिसड्यानं दगड पडला होता, पाटी सरकली होती, बादली आडवी. फरशीच्या खोलगट जागेत हिरवं तळं साचलं होतं. एका बाजूनं राजा लपालपा चाटत होता. दुसऱ्या बाजूला सोनी. तिनं मला भातुकलीचा पेला दाखवला, हनुवटी हिरवी झालेली.

"आई, गोड," म्हणाली.

मी तिला उचललं, तोंडात बोटं घातली, चूळ भरायला लावली. ती रडायला लागली. किती प्यायली, एक पेला की पाच, कुणाला ठाऊक? तिला विचारलं तर ती बोटं दाखवायची, कधी दोन, कधी सगळी. राजाला साखळीनं ओढलं तरी तो तळ्यापासून हटत नव्हता. माझा आवाज ऐकून आण्णा मळ्यातून धावत आले. त्यांनी बादलीकडं बघितलं, सोनीच्या तोंडाकडं बघितलं. मग खाली वाकून त्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. ते जीपमध्ये चढले.

किल्लीला हात घातला आणि थांबले. रेडिएटर कोरडा होता. त्यातलं सगळं फरशीवर सांडलेलं. ते उतरले, पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून आणला आणि ओतायला लागले. ओततायत, आणि खालून पाणी धो धो फरशीवर येतंय. दुसरी कळशी आणली, तीही ओतली. तीही खाली. माणूस फौजेत गाड्या चालवून आलेला, पण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. ते ओततच होते. त्या घरात आल्यापासून मी त्यांच्याशी कधी आपणहून बोलले नव्हते.

"आण्णा, खालचा कॉक उघडाय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, लगेच त्या हिरव्या चिखलात उताणे झाले आणि गाडीखाली सरकले. कॉक फिरत नव्हता. गार पाण्यानं बोटं आखडली होती त्यांची. मी सोनीला कडेवर घेऊन त्यांच्या पायांकडं बघत उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, फिरव रे देवा, फिरव. मग कॉक बंद झाला. आत्याबाईंनी धारेची चरवी तशीच टाकून पाण्याच्या कळश्या दिल्या. जीप सुरू झाली. निघताना आण्णांनी कूलंटचा डबा माझ्या मांडीशेजारी ठेवला, तेवढं मात्र त्यांना सुचलं.

रस्त्यात सोनी हसत होती. थंडीतल्या कोवळ्या उन्हाचा पट्टा पडला होता, उसाचे ट्रॅक्टर येत होते, आणि ती प्रत्येक ट्रॅक्टरला हात करत होती. मला जरा धीर आला. काही झालेलं नाही, गोड पाणी होतं, ओकून टाकेल, असं मी स्वतःला समजावत होते. मग ती जास्तच हसायला लागली. मान टिकेना. शब्द जड यायला लागले. ती दारू प्यायल्यासारखी हसत होती.

नारायणगावला लहान मुलांचे एक डॉक्टर होते. त्यांनी सोनीला बघितलं, मग डब्यावरचं इंग्रजी वाचलं आणि आत जाऊन पुण्याला आपल्या सरांना फोन लावला. बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. म्हणाले, ती आत्ता बरी दिसते यावर जाऊ नका. हे पोटात गेलं की शरीर त्याचं दुसरंच विष करतं, ते मूत्रपिंडांवर जातं, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्याला अडवायचं तर शरीराला दुसऱ्या कामाला लावायला हवं. माझ्याकडं त्याचं इंजेक्शन नाही आणि पुण्याला पोचेपर्यंत थांबायचं नाही. मग ते आण्णांना म्हणाले, दारू लागेल, सीलबंद, चांगली, शरीर आधी ती पचवत बसेल.

आण्णांनी माळ घातल्यापासून आमच्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. सर्दीला छातीवर ब्रँडी चोळायची म्हटली तरी ते ओरडायचे. फौजेतल्या ओळखीवर मिळणारी बाटलीही त्यांनी कधी उचलली नाही. डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत ते दाराबाहेर पडले. भर बाजारात, टोमॅटोच्या गाड्या लागलेल्या, अर्धा बाजार ओळखीचा. अंगावर हिरव्या चिखलानं भरलेला सदरा, गळ्यात माळ, आणि हातात सगळ्यांना दिसेल अशी बाटली, कागदात गुंडाळायलाही ते थांबले नव्हते. कुणीतरी हाक मारली म्हणे, त्यांनी वळूनही बघितलं नाही. डॉक्टरांनी ती मापून, पाण्यात मिसळून, नाकातल्या नळीतून सोनीला दिली. एवढ्याशा जिवाला दारू पाजताना मी तिचे पाय धरून बसले होते.

मग ॲम्ब्युलन्स, आणि पुण्याचं मोठं हॉस्पिटल. चाकणला कंपनीत असलेले हे वाटेत चढले. तिथं सलाईन लागलं, औषध चालू राहिलं, रक्त काढून नेलं. आणि मग सुरू झालं वाट बघणं. तिथले मोठे डॉक्टर एकच गोष्ट विचारायचे, लघवी झाली का? लघवी सुरू झाली आणि टिकली, तर मूत्रपिंडं वाचली समजा. सोनीला लघवीसाठी एक पातळ पिशवी चिकटवली होती. मी त्या पिशवीकडं बघत बसले. सलाईनचे थेंब आत जात होते आणि पिशवी कोरडी. जगातल्या सगळ्या आया पोरांनी अंथरूण ओलं केलं म्हणून कावतात. मी पण कावायची. आता मी देवाला म्हणत होते, सगळी गादी भिजव, मी जन्मात काही बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गावाकडं शेजाऱ्यांच्या फोनवर फोन लावला आणि परत आले ते खाली बघत. मला सांगायचं नव्हतं त्यांना. आण्णांनीच विचारलं, राजा गेला का? ह्यांनी मान हलवली. एकाच तळ्यातून दोघं प्यायले होते. मी सोनीच्या तोंडावर हात फिरवला, ती कोमट होती, तरी मी वाकून तिच्या छातीला कान लावला.

आण्णा त्या सगळ्या काळात खोलीच्या कोपऱ्यात, बाकाच्या टोकाला बसून होते. ह्यांनी दिलेला धुतलेला लेंगा-सदरा घातलेला. ते जेवले नाहीत. अधूनमधून सोनीकडं यायला उठायचे आणि मी मधे उभी राहायची. मुद्दाम. तिला हात लावू द्यायचा नव्हता मला त्यांना. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं हे मला कळत होतं, तरी कळून काय उपयोग? मी एकच विचार करत होते, हिचं काही झालं तर मी या माणसाला रोज दोन वेळा भाकरी कशी वाढू? त्यांच्याच उंबऱ्यात कशी राहू? सोनी जाण्याच्या भीतीला लागूनच ही दुसरी भीती होती, आणि ती मी आजवर ह्यांनाही सांगितलेली नाही.

दुपारी सोनी जागी झाली आणि किरकिरायला लागली. पिशवी सुटून आली होती, नर्स नवी आणायला गेली. मी तिला घ्यायला वाकले तर तिनं मला ढकललं. सुया टोचताना मीच तिला धरून ठेवलं होतं ना, मी तिची वैरीण. तिनं कोपऱ्याकडं हात पसरले. "आजोबा," म्हणाली.

आण्णा उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. फौजी माणूस, पण त्या नजरेत नुसतं विचारणं होतं. मी सलाईनची नळी सांभाळत तिला उचललं आणि त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी तिला सदऱ्याच्या आत घेतल्यासारखं जवळ घेतलं. ती त्यांच्या माळेशी खेळता खेळता गप्प झाली.

थोड्या वेळानं आण्णांनी एकदम हात वर केला. मला वाटलं संपलं. मी धावले. त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर एक डाग उमटला होता आणि पसरत चालला होता. मांडीवरून बाकावर, बाकावरून फरशीवर धार लागली. नर्स पिशवी घेऊन दारात आली, तिनं बघितलं आणि सोनीला घ्यायला पुढं झाली.

"थांबा बाई, हलवू नगा," आण्णा म्हणाले. त्यांचे डोळे गळत होते. "आजून करतीया ती."

मी पदर सावरला नाही. त्या ओल्या बाकावर, त्यांच्या शेजारी जाऊन बसले.